नॅलॉक्सोन: बांबोळीपर्यंत पोहोचण्याआधी

गोवा मुक्त झाला त्याच १९६१ साली जॅक फिशमन आणि मोझेस लेव्हेनस्टीन यांनी अमेरिकेत नॅलॉक्सोनच्या पेटंटसाठी अर्ज केला. अफू, मॉर्फीन, हेरॉईन मेंदूतल्या ज्या जागा धरून श्वास मंदावतात, तिथून हे औषध त्यांना हुसकावून लावतं. ओठ निळे पडलेला, घशात घरघर लागलेला माणूस काही मिनिटांत श्वास घेऊ लागतो. १९७१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, तरी औषध बराच काळ डॉक्टरांच्याच हाती राहिलं. ओव्हरडोस होतो तो मात्र बंद खोलीत, आणि शेजारी असतो तो बहुतेकदा सोबत नशा करणाराच. शिकागोचे कार्यकर्ते डॅन बिग यांनी १९९६ च्या सुमारास नेमक्या त्याच्याच हाती कुप्या आणि सिरिंज द्यायला सुरुवात केली. व्यसनाला उत्तेजन देता, अशी ओरड झालीच. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ओव्हरडोस पाहण्याची शक्यता असलेल्या प्रत्येकाला हे औषध मिळावं, अशी शिफारस केली. अमेरिकेत २०२३ पासून नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीविना मिळतो.

आपल्याकडे हे औषध वाटण्याचं काम मणिपूरमधल्या संस्थांनी कधीच हाती घेतलंय. गोव्याचा अफूशी संबंध तसा जुना: एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू पोर्तुगीज दमणमधून चीनला जायची. मग हणजूण-कळंगुटला हिप्पी आले, १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा आला. त्याच्या कलम २७ नुसार हेरॉईनच्या सेवनालाच एक वर्षापर्यंत कैद आहे. मित्र कोसळला की १०८ ला फोन लावायच्या आधी पोलीस आठवतात ते उगाच नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ पासून मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ संरक्षण देतं. इथेही तसंच काही हवं, असं माझं मत.

नॅलॉक्सोनचा असर तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा अडकू शकतो. म्हणून इंजेक्शन दिलं तरी बांबोळी, म्हणजे तिथलं गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, गाठावीच लागते. एमडीएमए (पार्ट्यांतली ‘एक्स्टसी’) किंवा कोकेनवर ते चालत नाही. आपली वृत्तपत्रं मात्र किनाऱ्यावरचा प्रत्येक मृत्यू ‘ड्रग्ज ओव्हरडोस’ या एकाच मथळ्यात बसवतात. यातले अफूवर्गीय किती, हे व्हिसेरा (मृताच्या अवयवांच्या रासायनिक तपासणीच्या) अहवालांतून वेगळं काढलं, तरच कुप्या कुठे ठेवायच्या ते ठरवता येईल.