उंदरावर जमलं म्हणजे सिद्ध झालं?

‘डायलिसिसचं नवं द्रावण उंदरांवर यशस्वी, म्हणजे काम फत्ते’ हा समज जुना आहे आणि चुकीचाही. पोटातून होणाऱ्या डायलिसिसच्या (पोटात द्रावण सोडून तिथल्या पडद्यातून रक्त गाळण्याच्या) प्रयोगांत पुष्कळदा उंदरांची मूत्रपिंडं धडधाकट असतात. द्रावणही काही आठवडेच दिलं जातं. रुग्ण ते वर्षानुवर्षं घेतो.

खरी गोम पुढे आहे. पिंजऱ्यात हात घालून आधी सापडेल तो ‘उपचार’ गटात टाकला, तर सुस्त उंदीरच तिकडे जमायचे! म्हणून गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे. सूक्ष्मदर्शकाखाली पोटाच्या पडद्याची जाडी मोजणाऱ्यालाही काचपट्टी कुठल्या गटातली, हे कळू द्यायचं नाही. हे केलं का, कसं केलं, किती प्राणी का वगळले, ते लिहा, असं २०१० च्या ‘अराइव्ह’ या प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या अहवालांसाठीच्या मार्गदर्शक सूचना (सुधारित आवृत्ती २०२०) सांगतात. कित्येक शोधनिबंधांत मात्र यावर अवाक्षर नसतं.