आखाजीचा अकरावा पत्ता

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई माहेरी निघाली की आम्ही पोरं तिच्यामागे अमळनेरकडच्या मामाच्या गावी. निंबाच्या झाडाला झोके, झोक्यावर पोरीबाळींची गाणी, आणि बापे मंडळी सावलीला तीनपत्ती मांडून बसलेली. तिथं आम्हाला थारा नसे. मग आमरस पचवत मामा ओट्यावर गोधडी अंथरून जुन्या कॅटमधले २१ पत्ते मोजून घ्यायचा. कॅटात किलवरची राणी नव्हती, पण तिच्यावाचून अडत नसे.

एक पत्ता मनात धरायचा. मामा सात-सात पत्त्यांच्या तीन ओळी सुलट्या मांडायचा, एक इकडे, एक तिकडे, एक पलीकडे, असे आळीपाळीने. पत्ता कुठल्या ओळीत, तेवढंच सांगायचं. ती ओळ मधे घालून तो गड्डी गोळा करायचा. असं तीनदा. मग उपड्या गड्डीतून एकेक पत्ता काढत अकराव्याला थांबायचा: "हाऊच से ना तुना पत्ता?"

आम्हाला वाटायचं, मामाच्या बोटांत काहीतरी आहे. बोटांत काहीच नव्हतं. पहिल्यांदा ओळ मधे गेली की तुमचा पत्ता ८ ते १४ यांपैकी कुठंतरी असतो. पुन्हा तीन ओळींत वाटले की हे सात पत्ते कुठल्याही ओळीत तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या जागीच पडतात. ती ओळ मधे घेतली की उरतात १०, ११ आणि १२. तिसऱ्या वाटपात हे तिघं तीन वेगळ्या ओळींत जातात आणि प्रत्येक जण आपल्या ओळीत चौथा असतो. म्हणजे शेवटचं बोट ठेवलं जातं त्याच क्षणी पत्ता कळलेला असतो. पुढचं सगळं नाटक. एक मात्र खरं, मधेच कोणी पत्ते पिसले किंवा ओळ खोटी सांगितली तर मामाची फजिती ठरलेली.

ही जादू चार शतकांहून जुनी आहे. फ्रान्सच्या बाशे द मेझिरियाक यांनी १६१२ मध्ये छापलेल्या गणिती करमणुकीच्या पुस्तकात ती आहे. दरवेळी तीनपैकी एक उत्तर, असं तीनदा: ३×३×३ = २७ पत्त्यांपर्यंत ती चालते. मामाचे २१ त्यात सहज मावतात.

खरी गंमत पुढे जर्गॉन या फ्रेंच गणितज्ञांनी केली. हे गृहस्थ आधी तोफखान्यात होते. १८१० मध्ये त्यांनी स्वतःचं गणिताचं नियतकालिक काढलं आणि १८१३-१४ च्या सुमारास त्यातच या खेळाचा पूर्ण हिशोब मांडला. ओळ दरवेळी मधेच कशाला? पत्ते पुरे २७ घ्या आणि ओळ वर, मधे, खाली, कुठंही ठेवा. तिच्यावर किती ओळी आल्या ते मोजा: ०, १ किंवा २. पहिल्या वेळचा आकडा तसाच, दुसरा तिप्पट, तिसरा नऊपट. बेरजेत एक मिळवला की पत्त्याचा नंबर. म्हणजे पत्ता कितवा यावा हे समोरच्यालाच विचारता येतं!

गेल्या आखाजीला भाच्याला विचारलं. तो म्हणाला, अठरावा. अठरातून एक गेला, सतरा. दोन, दोन तिक सहा आणि एक नवे नऊ. खाली, खाली, मधे. मी बोटांवर मोजत ओळी उचलत होतो, तेवढ्यात खाटेवरून मामा ओरडला, "इतला हिशोब कसाले रे? मझार ठेव ना!"