पारामारिबो : पांढऱ्या लाकडी घरांमागचा इतिहास

दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचा ९० टक्क्यांहून जास्त भूभाग जंगलाखाली आहे. तिथे जाणारे बरेच प्रवासी राजधानी पारामारिबोत एखादी रात्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी जंगलाची वाट धरतात. पांढऱ्या लाकडी घरांचे, हिरव्या झडपांच्या खिडक्यांचे चार-दोन फोटो काढले की राजधानी पाहून झाली, असा समज असतो. या शहराला दोन दिवस तरी द्यावेत, आणि जाण्याआधी ती घरे कोणी, कोणाकडून बांधून घेतली हे वाचून जावे.

सुरुवात नदीकाठच्या झीलँडिया किल्ल्यापासून झाली. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी इथे वसाहत केली आणि किल्ला उभारला. १६६७मध्ये डच आरमाराने तो घेतला. त्याच वर्षीच्या ब्रेडाच्या तहात सुरिनाम डचांकडे राहिले, तर उत्तर अमेरिकेतले न्यू अॅमस्टरडॅम, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, इंग्रजांकडे. साखरेच्या मळ्यांचे मोल तेव्हा एवढे होते की हा सौदा डचांना तोट्याचा वाटला नाही.

शहर ज्या सखल, चिखलट किनाऱ्यावर आहे तिथे शंख-शिंपल्यांच्या वाळूचे लांबट उंचवटे आहेत. पावसाळ्यात पाणी साचत नसल्याने जुने रस्ते या उंचवट्यांवरूनच आखले गेले. दगड जवळपास नव्हता, लाकूड मात्र हवे तेवढे. म्हणून तळाशी विटांचा पाया, वर फळ्यांच्या भिंती आणि उंच, उतरते छप्पर अशी इथली पद्धत रुळली. आराखडा युरोपचा, सामान इथल्या रानातले, आणि राबणारे बहुतेक हात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे.

लाकडी शहराला आगीचे भय कायमचेच. जानेवारी १८२१च्या आगीत ४००हून अधिक घरे जळाली. म्हणजे आज आपण ‘सतराव्या शतकातले शहर’ म्हणून जे पाहतो, त्यातला बराच भाग एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभा राहिलेला आहे. सप्टेंबर १८३२मध्ये पुन्हा आग लागली. ती लावल्याच्या आरोपावरून कोजो, मेन्टॉर आणि प्रेझेंट या तीन गुलामांना जानेवारी १८३३मध्ये भर गावात जिवंत जाळण्यात आले. शहराच्या मध्यभागी त्यांचे स्मारक आहे. ते शोधून तिथे थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादापेक्षाही ते शहराबद्दल जास्त सांगते.

१ जुलै १८६३ला गुलामगिरी संपली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, प्रत्येक गुलामामागे ३०० गिल्डर. मुक्त झालेल्यांना मात्र आणखी दहा वर्षे मळ्यांवर करारानेच काम करण्याची सक्ती होती. ती मुदत १८७३मध्ये संपली आणि त्याच वर्षी ५ जूनला कलकत्त्याहून निघालेल्या ‘लल्ला रुख’ जहाजातून ३९९ हिंदुस्थानी मजूर इथे उतरले. १९१६पर्यंत सुमारे ३४ हजार जण आले. बहुतेक आजच्या बिहार आणि उत्तर प्रदेशातले, पाच वर्षांच्या कराराने बांधलेले. ‘श्रीराम देशाला’ नेतो असे सांगून अरकाट्यांनी, म्हणजे मजूर भरती करणाऱ्या दलालांनी, त्यांना फसवले, ही आठवण त्यांच्या वंशजांत अजून सांगितली जाते. भोजपुरी-अवधीतून घडलेली त्यांची सरनामी बोली कानावर पडली की आपल्यालाही बरेचसे उमगते. एक गाठोडे घेऊन उतरलेल्या पहिल्या जोडप्याचा ‘बाबा आणि माई’ हा पुतळा १९९४मध्ये शहरात उभारला गेला. १८९०पासून जावामधूनही मजूर आणले गेले.

कैझरस्ट्रात या रस्त्यावर ज्यूंचे नेवे शालोम प्रार्थनामंदिर आणि मशीद शेजारी शेजारी आहेत. त्यांचा एकत्र फोटो सगळेच काढतात. पण मंदिरात जाऊन जमिनीवर पसरलेली वाळूही पाहावी. जवळच सेंट पीटर आणि पॉल कॅथेड्रल आहे, १८८५मध्ये पवित्र केलेले, अवघे लाकडाचे. आतल्या देवदाराला रंगच दिलेला नाही.

२५ नोव्हेंबर १९७५ला देश स्वतंत्र झाला. त्या सुमारास जवळजवळ एक तृतीयांश लोक नेदरलँड्सला निघून गेले. त्याचा परिणाम रस्त्यावर आजही दिसतो. कित्येक जुन्या घरांचे वारस समुद्रापार विखुरलेले, वाटणी झालेली नाही, त्यामुळे दुरुस्ती कोणी करायची हेच ठरत नाही. २००२मध्ये युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारसा ठरवले, तरी कागदावरच्या सन्मानाने फळ्यांची वाळवी थांबत नाही.

आणि पुन्हा किल्ला. १९८०मध्ये लष्करातल्या सार्जंटांनी सत्ता घेतली. त्यांचे नेते देसी बाउटर्स यांच्या राजवटीत, ८ डिसेंबर १९८२ला, वकील, पत्रकार, प्राध्यापक, कामगार नेते अशा १५ विरोधकांना याच किल्ल्यात गोळ्या घालण्यात आल्या. २०१९मध्ये न्यायालयाने बाउटर्स यांना २० वर्षांची शिक्षा सुनावली, डिसेंबर २०२३मध्ये ती कायम झाली, पण ते फरार झाले आणि पुढच्या वर्षी तसेच वारले. किल्ल्यात आता संग्रहालय आहे. ज्या बुरुजावर ते १५ जण उभे केले गेले तिथे त्यांच्या नावांची पाटी आहे, आणि तटाखाली सुरिनाम नदी वाहते.