खंडणीखोर प्रोग्रामपासून घरच्या फाइली कशा वाचवाव्यात

२०१८ साली ‘स्टॉप’ या नावाने ओळखला जाणारा एक खंडणीखोर प्रोग्राम पसरू लागला आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्याची ‘डीजेव्हीयू’ नावाची आवृत्ती आली. बँका, रुग्णालये किंवा सरकारी कार्यालये ही त्याची मुख्य सावजे नव्हती, तर तो प्रामुख्याने घरगुती संगणकांत शिरत असे. विकतचे सॉफ्टवेअर फुकटात चालावे म्हणून लोक जे ‘क्रॅक’ आणि ‘की-जनरेटर’ उतरवून घेतात, त्यांच्या पोटात बसून तो येई. अशी फाइल चालवताना अँटिव्हायरसने धोक्याची सूचना दिली तरी ‘क्रॅक म्हटल्यावर एवढे दाखवणारच’ असे समजून ती सूचना बंद केली जाई. त्यानंतर पडद्यावर विंडोज अपडेट होत असल्याचे खोटे चित्र दिसे आणि वापरणारा निवांत बसलेला असताना त्याचे फोटो, पत्रे, हिशोब व चित्रफिती एकामागून एक कूटबद्ध होत जात, म्हणजे योग्य किल्लीशिवाय (गुप्त संकेताशिवाय) उघडणार नाहीत अशा होत. शेवटी प्रत्येक फोल्डरमध्ये एक मजकूर-फाइल उरे आणि तिच्यात ९८० डॉलरची मागणी असे. ७२ तासांच्या आत संपर्क साधल्यास हीच रक्कम निम्मी, म्हणजे ४९० डॉलर, होईल असेही तिच्यात लिहिलेले असे.

हे सगळे झाल्यावर संगणक मात्र धडधाकट राही. विंडोज सुरू होई, ब्राउझर चाले, छपाईही होई. घरच्या संगणकाच्या सुरक्षेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथेच आहे. विंडोज, मॅकओएस किंवा लिनक्स यांची रचना मूळत: संगणक-प्रणालीला आणि इतर वापरकर्त्यांना जपण्यासाठी झालेली आहे. प्रणालीच्या फाइलींना हात लावायचा असेल तर प्रशासकाची परवानगी लागते, परंतु तुमच्या स्वत:च्या फाइली उघडण्यासाठी, बदलण्यासाठी किंवा पुसण्यासाठी तुम्ही सुरू केलेल्या प्रोग्रामला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, कारण तो तुमच्याच नावाने आणि तुमच्याच अधिकाराने चालत असतो. वर्ड तुमचे पत्र बदलू शकतो त्याच अधिकाराने खंडणीखोर प्रोग्रामही ते बदलू शकतो, आणि प्रणालीच्या दृष्टीने या दोन कृतींत काहीच फरक नसतो. प्रणाली बिघडली तर ती पुन्हा बसवता येते, पण आजीच्या आवाजातले ध्वनिमुद्रण किंवा मुलांच्या बालपणीचे फोटो पुन्हा कुठून आणायचे? जे पुन्हा मिळवता येत नाही तेच सर्वांत कमी संरक्षित असते, आणि म्हणूनच नुसत्या अँटिव्हायरसवर विसंबणे पुरेसे नाही, असे माझे ठाम मत आहे.

फाइली अडवून पैसे मागण्याची कल्पना इंटरनेटच्या प्रसाराहून जुनी आहे. १९८९ मध्ये जोसेफ पॉप या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एड्सविषयी माहिती देणारा प्रोग्राम असल्याचे भासवून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने पाठवल्या होत्या. तो प्रोग्राम बसवल्यानंतर संगणक ९० वेळा सुरू झाला की डिस्कवरील फाइलींची नावे कूटबद्ध होत आणि पनामातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवण्याची मागणी केली जाई. मात्र त्यात एक उणीव होती. कूटबद्ध करण्याची आणि ते उलगडण्याची किल्ली एकच होती आणि ती प्रोग्रामच्या आतच होती, त्यामुळे तज्ज्ञांनी ती शोधून लवकरच उतारा तयार केला. पुढे १९९६ मध्ये ॲडम यंग आणि मोटी युंग या संशोधकांनी दाखवून दिले की सार्वजनिक किल्लीचे तंत्र वापरले तर हल्लेखोराला ही उणीव भरून काढता येईल. त्यांनी ही गोष्ट इशारा म्हणून मांडली होती, पण आजचा जवळजवळ प्रत्येक खंडणीखोर प्रोग्राम त्याच तत्त्वावर चालतो.

या तंत्रात किल्ल्यांची जोडी असते. रस्त्यावरच्या टपालपेटीत पत्र कोणीही टाकू शकतो, पण ते बाहेर काढण्यासाठी पेटीची चावी ज्याच्याकडे आहे तोच लागतो. सार्वजनिक किल्ली म्हणजे त्या पेटीची फट आणि खासगी किल्ली म्हणजे ती चावी. खंडणीखोर प्रोग्राम तुमच्या संगणकावर आधी एक यादृच्छिक, बहुधा २५६ बिटांची, किल्ली तयार करतो आणि तिने फाइली झपाट्याने कूटबद्ध करतो. मग ती किल्लीच सार्वजनिक किल्लीने कूटबद्ध करून ठेवतो आणि मूळ प्रत स्मृतीतून पुसून टाकतो. खासगी किल्ली हल्लेखोराच्या सर्व्हरवर असते, ती तुमच्या संगणकावर कधी आलेलीच नसते. एकेक शक्यता तपासून २५६ बिटांची किल्ली ओळखायची म्हटले तर एकूण शक्यतांची संख्या ७८ अंकी होते. जगातले सगळे संगणक एकत्र जुंपले तरी हे काम माणसाच्या आयुष्यात आटोपणारे नाही. ‘आमचा माणूस दोन दिवसांत फाइली उघडून देईल’ असे सांगून आगाऊ पैसे घेणारे भेटतात, तेव्हा हे गणित आठवावे.

अर्थात हल्लेखोरही चुका करतात. डीजेव्हीयूला आपल्या सर्व्हरशी संपर्क साधता आला नाही तर तो प्रोग्राममध्येच ठेवलेली एक किल्ली वापरत असे, आणि त्या आवृत्तीच्या अशा सगळ्या पीडितांसाठी ती किल्ली सारखीच असे. त्यामुळे एकाची किल्ली मिळाली की इतरांचीही सुटका शक्य होई. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सीसॉफ्ट या कंपनीने या कुटुंबातील जुन्या आवृत्त्यांसाठी मोफत उतारा उपलब्ध करून दिला. शिवाय वेग वाढवण्यासाठी हा प्रोग्राम प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा, साधारण १५० किलोबाइटांचा, भाग कूटबद्ध करत असे. पत्र किंवा फोटो वाया जाण्यास एवढे बहुधा पुरे होते, पण काही मोठ्या चित्रफितींचा उरलेला भाग योग्य साधनाने पुन्हा पाहण्याजोगा करता येतो. तरीही ऑगस्ट २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत सर्व्हरकडून वेगळी किल्ली मिळालेल्या संगणकांवरील फाइलींना आजही खात्रीचा उतारा नाही.

हल्ला होऊच नये म्हणून करायच्या गोष्टींत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अपडेट. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजच्या फाइल-वाटप यंत्रणेतील एक दोष दुरुस्त केला होता. एप्रिलमध्ये त्या दोषाचा गैरफायदा घेणारे, अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीला गेलेले हत्यार जाहीर झाले आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने तेच हत्यार वापरून सुमारे १५० देशांतील संगणक गाठले. त्याला कुणी काही उघडण्याची किंवा क्लिक करण्याची गरज नव्हती, तो संगणकांना जोडणाऱ्या जाळ्यावरून स्वत:च पसरत होता. दुरुस्ती जवळजवळ दोन महिने आधी उपलब्ध होती, पण ती बसवली गेली नव्हती. आपल्याकडे चोरीची विंडोज बसवून देणारे अनेकदा अपडेट बंद करून ठेवतात आणि त्या संगणकाचा मालक वर्षानुवर्षे त्याच अवस्थेत काम करत राहतो. विंडोज १० ची सर्वसाधारण मदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हेही ध्यानात ठेवावे.

विंडोजमध्ये ठरावीक फोल्डरांत फक्त विश्वासू प्रोग्रामांनाच लिहू देणारी एक सोय ऑक्टोबर २०१७ पासून आहे. वर सांगितलेल्या मूळ उणिवेवर नेमके बोट ठेवणारी अशी ही सोय, पण ती आपोआप चालू नसते, विंडोज सिक्युरिटीच्या खंडणीखोर प्रोग्रामांविषयीच्या भागात जाऊन चालू करावी लागते. सुरुवातीला ती एखाद्या निरुपद्रवी प्रोग्रामलाही अडवते आणि त्याला हाताने परवानगी द्यावी लागते, तरी तेवढा त्रास सोसावा.

माहिती जाण्याचे कारण नेहमी हल्लाच असतो असे नाही. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारे टोक फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते, आणि एखादा धक्का ते अंतर संपवायला पुरेसा ठरतो. अशा डिस्कवरून फाइल पुसली तर प्रत्यक्षात तिची केवळ नोंद जाते आणि मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक असतो, म्हणून तो परत मिळू शकतो. फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीमध्ये मात्र कोणते कप्पे आता नकोसे झाले हे प्रणाली ड्राइव्हला लगेच कळवते, ड्राइव्ह ते कप्पे पुढच्या लेखनासाठी रिकामे करून ठेवतो, आणि चुकून पुसलेली फाइल बहुधा कायमची जाते. संगणक जलद झाले, पण चूक सुधारण्याची संधी कमी झाली.

म्हणून प्रती ठेवाव्यात. पीटर क्रॉग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम असा, की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. घराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना वेगळे पटवून द्यायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी घरांत शिरले, आणि अशा वेळी संगणकासोबत त्याच खोलीतल्या कपाटातली डिस्कही पाण्यात जाते. भावाच्या किंवा बहिणीच्या घरी, दुसऱ्या गावात, एक डिस्क ठेवण्याला फारसा खर्च येत नाही.

खंडणीखोर प्रोग्रामांचा विचार केला तर या नियमात आणखी एक अट घालावी लागते, आणि माझ्या मते हीच अट सर्वांत महत्त्वाची आहे. निदान एक प्रत संगणकाला किंवा जाळ्याला जोडलेली नसावी. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा खंडणीखोर भासणारा विध्वंसक प्रोग्राम पसरला, तेव्हा मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीचे कामकाज जगभर ठप्प झाले आणि त्याच समूहाकडून चालवले जाणारे न्हावा-शेवा बंदरातले टर्मिनलही थांबले. कंपनीच्या जाळ्यातील वापरकर्त्यांची आणि अधिकारांची माहिती सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांशी सतत ताळमेळ राखत होते, आणि एकाला काही झाले तर दुसरा आहे अशी ती रचना होती. नॉटपेट्याने ते सगळे एकदमच पुसले. वाचला तो घानामधील एक, आणि तोही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेला होता म्हणूनच. त्या एका प्रतीवरून कंपनीने आपले जाळे पुन्हा उभे केले.

घरातही अगदी हेच घडू शकते. बाह्य डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवली तर खंडणीखोर प्रोग्राम तिच्यावरही तितक्याच सहजपणे पोहोचतो. विंडोज स्वत: राखत असलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या तर असे बहुतेक प्रोग्राम सर्वांत आधी पुसतात. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह यांचे फोल्डर संगणकाशी जुळवून घेतलेले असेल तर कूटबद्ध झालेली फाइल काही क्षणांत इंटरनेटवरच्या त्या साठ्यातही जाते आणि चांगली आवृत्ती बाजूला सारते. या सेवा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या काही काळ, साधारणत: ३० दिवस, राखून ठेवतात, त्यामुळे वेळीच लक्षात आले तर त्या परत मिळतात. पण महिनाभर न उघडलेल्या फोल्डरमधील नुकसान वेळीच लक्षात येईल याची खात्री कोण देणार?

सर्वांत साधी व्यवस्था दोन बाह्य डिस्कांची. आज एकीवर प्रत घ्यावी, डिस्क काढून ठेवावी आणि पुढच्या वेळी दुसरीवर घ्यावी, म्हणजे प्रत घेतानाच काही बिघडले तरी आधीची प्रत शाबूत राहते. मधूनमधून दुसऱ्या संगणकावर त्या प्रतीतील काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, कारण प्रत घेतल्याचा संदेश आला म्हणजे प्रत वाचता येतेच असे नाही. अनेक नव्या लॅपटॉपवर विंडोज स्वत:च संपूर्ण डिस्क कूटबद्ध करून ठेवते. चोरीच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, परंतु मदरबोर्ड बदलल्यावर वगैरे ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते आणि ती हाताशी नसेल तर मालकाला आपलीच माहिती उघडता येत नाही. ती किल्ली आजच कागदावर उतरवून ठेवावी.

इतके करूनही हल्ला झालाच, तर आधी वाय-फाय बंद करावे आणि जाळ्याची तार काढावी. पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदलावेत, कारण डीजेव्हीयूसोबत अनेकदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येत असे. तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करता येते. दुरुस्ती करणारा लगेच फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा टाकून देण्याची घाई करील, पण त्याआधी कूटबद्ध फाइली आणि खंडणीची चिठ्ठी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवायला सांगावे. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्या यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या संकेतस्थळावर शेकडो प्रकारांचे मोफत उतारे आहेत आणि नवे येत राहतात, त्यामुळे आज न उघडणारी फाइल पुढे उघडण्याची शक्यता राहते.

आणि जपून ठेवलेल्या प्रतीची डिस्क त्या संगणकाला त्याच अवस्थेत कधीही जोडू नये. डीजेव्हीयू विंडोजच्या वेळापत्रकात स्वत:ची नोंद करून दर पाच मिनिटांनी पुन्हा चालू होत असे. फाइली गेल्याच्या धक्क्यात माणूस धावत जाऊन कपाटातली डिस्क आणतो, घाईने जोडतो, आणि पुढच्या फेरीत तीही कूटबद्ध होते. आधी संगणकाची डिस्क पूर्ण पुसून, मूळ स्रोतावरून विंडोज नव्याने बसवावी, अपडेट पूर्ण होऊ द्यावेत, आणि त्यानंतरच ती प्रत जोडावी.