डायनोवर वाघ, ट्रॅकवर शेळी

फेब्रुवारी आला की फॉर्म्युला वनचं प्री-सीझन टेस्टिंग सुरू होतं, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी नव्या इंजिनातून धूर निघतानाचा व्हिडिओ टाकतं. मग आमचा एक मित्र, बांधकामाच्या लाइनमधला, दरवर्षीचा ठरलेला प्रश्न विचारतो: "अरे एवढा पैसा ओततात, फॅक्टरीत एकदा स्टार्ट करून बघत नाहीत का?" बघतात की. शेकडो तास बघतात, डायनोवर, म्हणजे इंजिन एका जागी बसवून चालवून बघायच्या यंत्रावर. आणि तिथे व्यवस्थित चाललेलं इंजिन ट्रॅकवर पहिल्याच सकाळी मान टाकतं. असं का होतं हा मला इतका आवडता विषय आहे की ग्रुपवर टाइप करून करून थकलो, म्हणून एकदाच इथे सगळं लिहून टाकतो.

आधी थोडी उदाहरणं. 2014 मध्ये नियम बदलले, व्ही-8 म्हणजे आठ सिलिंडरची इंजिनं गेली आणि 1.6 लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो व्ही-6 अधिक त्याला जोडलेल्या दोन इलेक्ट्रिक मोटर असं पॅकेज आलं. स्पेनमधल्या हेरेझला पहिलं टेस्टिंग झालं आणि लागोपाठ चार वर्षं चॅम्पियन असलेल्या रेड बुलने चार दिवसांत किती लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) मारले, तर 21. मर्सिडीजने तीनशेच्या वर. रेड बुलच्या मागे रेनोचं इंजिन होतं आणि पहिल्या दिवशीचा घोळ ना पिस्टनचा होता ना टर्बोचा, बॅटरीच्या पेटीत बसवलेला एक इलेक्ट्रॉनिक भाग त्रास देत होता. पुढच्या वर्षी होंडा परत आली, मॅक्लॅरेनच्या गाडीत. त्याच हेरेझला चार दिवसांत 79 लॅप, त्यातही पहिल्या दोन दिवसांत रोज सहा-सहा.

पण माझं लाडकं उदाहरण 2017 चं आहे. बार्सिलोना, पुन्हा मॅक्लॅरेन-होंडा, आणि यावेळी होंडाने इंजिनाची मांडणी जवळजवळ नव्याने केलेली. आठ दिवसांच्या टेस्टिंगमध्ये मर्सिडीज हजार लॅपच्या पुढे गेली आणि हे सव्वाचारशेच्या आसपास, सगळ्या टीममध्ये शेवटचे. पहिल्याच दिवशी ऑइल टँकने गाडी उभी केली.

ऑइल टँकचं आधी उरकतो कारण ते सोपं आहे. रेसिंग इंजिनात तेल खालच्या चेंबरमध्ये साठवत नाहीत, वेगळी टाकी असते आणि तिथून पंप ते खेचतो. गाडी जोरात वळली की बाजूला 4 जी च्या (गुरुत्वाकर्षणाच्या चौपट) आसपास जोर बसतो, म्हणजे तेलाच्या दृष्टीने "खाली" ही दिशाच बदलते आणि सगळं तेल टाकीच्या एका भिंतीवर चढतं. टाकीचा आकार जरा चुकला की पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा, आणि बेअरिंगला तेल नाही म्हणजे मग सेकंदांचा खेळ. आता तुम्ही म्हणाल फॅक्टरीत इंजिन तिरकं करून बघा. तसले झुकणारे टेस्ट बेड असतातच, पण गणित करा: 4 जी बाजूला आणि 1 जी खाली, म्हणजे इंजिन साधारण 76 अंश कलवलं की दिशा बरोबर जुळते, पण जोर तेवढाच राहतो, 1 जी. ट्रॅकवर मात्र तो 4.1 जी. शिवाय ट्रॅकवर ब्रेक, डावं वळण, उजवं वळण असं सगळं काही सेकंदांत एकामागून एक येतं. होंडाचे तेव्हाचे एफ-वन प्रमुख युसुके हासेगावा यांनी टाकीबद्दल साधारण हेच सांगितलं होतं, की हे जोर आम्हाला डायनोवर आणता येत नाहीत.

टाकी बदलली. मग खरा राक्षस समोर आला, व्हायब्रेशन.

लहानपणी वडाप जीपमध्ये पुढे ड्रायव्हरच्या बाजूला कोंबून बसलेल्यांना आठवत असेल, जीप पॅसेंजरची वाट बघत उभी असायची आणि गिअरचा दांडा असा थरथरायचा की त्याचा गोळा धूसर दिसायचा. ड्रायव्हरने जरा रेस केली की दांडा गप्प. इंजिन तर जास्त जोरात फिरायला लागलं, मग थरथर कमी कशी झाली? कारण त्या दांड्याची स्वतःची एक ठरलेली कंपनसंख्या असते, आणि इंजिनाचे धक्के नेमके त्या तालात पडले तरच तो नाचतो. झोपाळ्याचंही तेच, योग्य वेळी हलकासा रेटा दिला तरी तो आढ्याला लागतो आणि अवेळी कितीही जोर लावा, काही नाही. हाच रेझोनन्स, शाळेतला अनुनाद.

आता इथून जरा अवघड आहे पण मजा इथेच आहे. इंजिन सलग पिळ देत नाही, ठोके देतं. व्ही-6 मध्ये क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजेच क्रँकशाफ्ट) एका फेरीत तीन सिलिंडर पेटतात. मिनिटाला 12,000 फेरे म्हणजे सेकंदाला 200, म्हणजे सेकंदाला 600 ठोके. ते समान अंतरावर पडले असते तर एकवेळ ठीक होतं. पण नियमाने या इंजिनाच्या दोन बाजूंमधला कोन 90 अंश आणि क्रँकवर कनेक्टिंग रॉडसाठी (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) पिना फक्त तीनच, त्यामुळे ठोके 120-120 अंशांवर न पडता 90, 150, 90, 150 असे पडतात. लंगडत. हा लंगडा नमुना दर 240 अंशांनी रिपीट होतो, म्हणून 600 च्या जोडीला 300 चीही एक कंपनसंख्या जन्माला येते. जुनी व्ही-8 समान अंतरावर पेटायची, एका फेरीत चार छोटे छोटे ठोके. नवीन इंजिनात ठोके कमी, टर्बोमुळे प्रत्येक ठोका दणदणीत आणि वरून लंगडा.

हे ठोके क्रँकशाफ्टला पिळतात. पोलादाचा असला तरी तो पिळतो आणि परत सुटतो, ओला टॉवेल पिळून सोडावा तसा, फक्त अंशाच्या छोट्या भागाइतका. त्याच्यापुढे क्लच, मग गिअरबॉक्स, मग मागच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट, मग टायरचं रबर. म्हणजे चार-पाच जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये कमी-जास्त कडक स्प्रिंगा अशी एक साखळीच, आणि साखळीला स्वतःच्या अनेक कंपनसंख्या असतात. स्प्रिंग जितकी कडक तितकी कंपनसंख्या वर, चकती जितकी जड तितकी खाली (कडकपणा भागिले जडत्व, त्याचं वर्गमूळ, ज्यांना हवं त्यांच्यासाठी).

आता डायनोवर काय असतं? इंजिनाला एक जाड शाफ्ट आणि पलीकडे मोठा जड रोटर. टायर नाही, रबर नाही. म्हणजे इंजिन तेच पण साखळी वेगळी, तिच्या कंपनसंख्या वेगळ्या. जी कंपनसंख्या गाडीत बरोबर 300 वर येऊन बसते ती डायनोवर भलतीकडेच असते आणि आलेख एकदम गुळगुळीत दिसतो. हासेगावांनीही हेच बोलून दाखवलं होतं, डायनोचं जडत्व आणि कडकपणा वेगळा, गाडीत गिअरबॉक्स आणि टायर आले की चित्र बदलतं.

आणि गिअर! हे तर मला फारच आवडतं. गिअर बदलला की चाकाचं जडत्व इंजिनाला वेगळं "जाणवतं", आणि तेसुद्धा गिअर रेशोच्या वर्गाच्या हिशोबाने. गाडीत आठ गिअर, म्हणजे एक नाही तर आठ वेगवेगळ्या साखळ्या. तिसऱ्यात गुण्यागोविंदाने चालणारं इंजिन सहाव्यात त्याच आरपीएमला दात वाजवायला लागू शकतं. त्यात गिअर डोळ्याची पापणी लवायच्या आत बदलतो, तो धक्का म्हणजे घंटेवर हातोडा. इथे ते सगळं वाजतं. साध्या मोटारीत हे ठोके गिळायला जड फ्लायव्हील असतं, इथे क्लच तळहाताएवढा, वजन वाचवायला. मग कनेक्टर सैल होतात, वायरी तुटतात, सेन्सर खोटं बोलतात, पाइपला चिरा जातात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं यांना रोज नवीन प्रॉब्लेम येतोय, पण बऱ्याचदा मूळ एकच असतं.

(ज्यांनी मधले दोन-तीन परिच्छेद सोडले त्यांच्यासाठी: झोपाळा तोच, पण फॅक्टरीत त्याची दोरी वेगळ्या लांबीची होती.)

त्या वर्षी फॅन लोकांनी मात्र वेगळंच निदान केलं होतं, मॅक्लॅरेनचा ड्रायव्हर अलॉन्सो पनवती आहे. निमित्तही मिळालं, मे महिन्यात तो मोनॅकोची रेस सोडून अमेरिकेत इंडियानापोलिस 500 ला गेला, रेसमध्ये काही काळ पहिला होता आणि 200 पैकी 179 व्या लॅपला इंजिन गेलं. तेही होंडाचंच, पण पूर्णपणे वेगळं इंजिन. झालं, लोकांना पुरावा मिळाला. अरे, त्याच रेसमध्ये जिंकलेल्या गाडीतही होंडाच होतं, ते कोणी बोलत नाही! क्रँकशाफ्टला ड्रायव्हरची कुंडली कळत नाही हो. आणि उलट्या बाजूची अंधश्रद्धा म्हणजे टेस्टिंगचा टाइमशीट, कोणाचा लॅप किती वेळात झाला त्याची यादी. 2017 मध्ये टेस्टिंगला सगळ्यात फास्ट लॅप फेरारीच्या रायकोनेनचा होता, चॅम्पियन झाली मर्सिडीज. टाकीत दहा किलो इंधन कमी-जास्त झालं की लॅपमागे साधारण तीन दशांश सेकंद इकडे-तिकडे होतात आणि कोणाच्या टाकीत किती होतं हे कोणी सांगत नाही. टेस्टिंगमध्ये मी फक्त लॅपची संख्या बघतो.

उपाय काय, तर साखळीतल्या स्प्रिंगा बदलायच्या, शाफ्ट बारीक किंवा जाड करायचा, थरथर गिळणारा डॅम्पर बसवायचा, नाहीतर सॉफ्टवेअरमधून गिअर बदलण्याची आणि स्पार्कची वेळ सरकवायची. प्रत्येकाची किंमत वजनात किंवा ताकदीत मोजायची. टर्बोची टर्बाइन आणि कॉम्प्रेसर यांना जोडणारा जो लांब शाफ्ट, ज्याच्यावर एक इलेक्ट्रिक मोटारही बसते आणि ज्याला मिनिटाला 1,25,000 फेऱ्यांपर्यंत परवानगी होती, त्याच्यासाठी होंडाने नंतर आपल्याच विमान-इंजिन विभागातल्या लोकांची मदत घेतली. त्यांना असले पातळ, वेडे शाफ्ट रोजचेच. 2026 च्या नियमांत ही टर्बोवरची मोटार काढून टाकली, पण क्रँकला जोडलेली मोटार 120 वरून 350 किलोवॅटची केली, म्हणजे साखळीत एका जागी जवळजवळ तिप्पट जोर, आणि हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

2017 संपता संपता मॅक्लॅरेनने होंडाला नारळ दिला आणि रेनोचं इंजिन घेतलं, होंडा गेली छोट्या टोरो रोसोकडे. 2018 चं टेस्टिंग पुन्हा बार्सिलोनाला. टोरो रोसो-होंडाने आठशेच्या वर लॅप काढले. सगळ्यात कमी लॅप मॅक्लॅरेनचे, सहाशेच्या आत, पहिल्या दिवशी तर थोड्याच लॅपनंतर अलॉन्सोच्या मागच्या चाकाचा नट निघाला आणि गाडी खडीत. नंतर एक्झॉस्टच्या उष्णतेने मागचं कव्हर करपलं, आणि त्या नव्याकोऱ्या केशरी कव्हरला हवा जायला भोकं पाडायची वेळ आली.