पशू, फी आणि फेलो: एका आदिजर्मॅनिक शब्दाचा माग

आदिजर्मॅनिक म्हणजे इंग्रजी, जर्मन, आइसलँडिक वगैरे भाषांची मूळ भाषा. तिच्यातला ‘*फेहु’ म्हणजे गुरंढोरं, आणि त्यांच्या रूपातली मालमत्ता. आधीची तारका सांगते की हे रूप प्रत्यक्ष नोंदलेलं नाही, लेकी-भाषांवरून मागे जात सिद्ध केलेलं आहे.

जुन्या सॅक्सनमध्ये ‘फेहु’, जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘फिहु’, जुन्या इंग्रजीत ‘फेओह’, जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत) नुसतं ‘फे’. मूळ रूप ठरवताना बहुमत चालत नाही; प्रत्येक फरकाला नियम दाखवावा लागतो. जर्मनमध्ये पुढच्या ‘उ’मुळे ‘ए’चा ‘इ’ झाला. इंग्रजीत ‘ह’आधीचा ‘ए’ फुटून ‘एओ’ झाला. नॉर्समध्ये ‘ह’ गळाला आणि दोन स्वर एकवटले.

आणखी मागे गेलं की लॅटिन ‘पेकु’ आणि आपला ‘पशु’ भेटतात. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822 साली मांडलेल्या नियमानुसार मूळ ‘प’चा जर्मॅनिकमध्ये ‘फ’ होतो आणि ‘क’चा ‘ह’: संस्कृत पाद–इंग्रजी फूट, संस्कृत श्वन् (कुत्रा)–इंग्रजी हाउंड. तोच ‘क’ संस्कृतात ‘श’ झाला.

पण एक अडचण उरते, आणि मला तीच सर्वांत सुंदर वाटते. वेदांतला नेहमीचा पुल्लिंगी ‘पशु’ अंत्योदात्त आहे, म्हणजे त्याचा उदात्त (चढा स्वराघात) शेवटच्या अक्षरावर आहे. ‘*फेहु’च्या मूळ रूपातही उदात्त असा शेवटी असता, तर डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर यांच्या नियमाने (आधीच्या अक्षरावर आघात नसेल तर असा व्यंजन घोष होतो) जर्मॅनिकमध्ये ‘ह’ऐवजी ‘ग’ यायला हवा होता. ऋग्वेदात मात्र पहिल्या अक्षरावर उदात्त असलेला नपुंसकलिंगी ‘पशु’ही आहे. ‘*फेहु’ही नपुंसकलिंगीच; जोडी नेमकी याच रूपाशी जुळते.

अर्थ पुढे फाकले. गॉथिक या आता लुप्त झालेल्या जर्मॅनिक भाषेतल्या चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये हा शब्द धनसंपत्तीसाठी येतो. आजच्या जर्मनमध्ये ‘फी’ म्हणजे फक्त गुरं. आइसलँडिकमध्ये मेंढरं आणि पैसा हे दोन्ही अर्थ जिवंत आहेत. जर्मॅनिक लोकांच्या जुन्या रूनलिपीतल्या पहिल्या अक्षराचं नावही हेच. नॉर्स ‘फेलागी’ म्हणजे भागीदारीत आपलं ‘फे’ घालणारा. त्यापासून इंग्रजी ‘फेलो’ आला आणि आपल्याकडची ‘फेलोशिप’ही.

शाळेची ‘फी’ मात्र जपून जोडावी. जर्मन ‘फी’शी उच्चार जुळतो, म्हणून ती थेट जुन्या इंग्रजी ‘फेओह’वरून आली असं समजणं चूक. ती नॉर्मन फ्रेंचमधून इंग्रजीत आली. तिथे तिचा अर्थ सेवेच्या बदल्यात मिळालेली जहागीर असा होता, आणि त्या शब्दाचा पूर्वार्ध बहुधा फ्रँकिश (फ्रँक लोकांच्या जर्मॅनिक भाषेतला) ‘*फेहु’ आहे.