'प्रभूची इच्छा असेल तर': नियोजनातल्या एका अटीची पार्श्वभूमी

'ईश्वरेच्छा बलीयसी' हे मराठीत गोष्ट घडून गेल्यावर म्हणतात, बहुधा निधनाच्या बातमीत. ख्रिस्ती मंडळीत कानावर येणारं 'प्रभूची इच्छा असेल तर' याच्या बरोबर उलट आहे. ते काम सुरू होण्याआधी, तारीख ठरवतानाच म्हणायचं असतं.

त्याचा आधार म्हणजे बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय, ओव्या 13 ते 15. तिथे याकोबाच्या डोळ्यांपुढे व्यापारी आहेत. त्यांचा बेत पक्का आहे: आज किंवा उद्या निघायचं, अमुक शहर गाठायचं, वर्षभर राहायचं, व्यापार करायचा, नफा कमवायचा. दिवस, ठिकाण, मुदत, धंदा, कमाई, सगळं ठरलेलं. याकोबाचा आक्षेप बेत आखण्याला नाही. उद्याचा दिवस आपल्या खिशात असल्यासारखं बोलण्याला आहे. शिवाय त्याने सांगितलेल्या वाक्यात 'आपण हे करू'च्या आधी 'आपण जगू' येतं. पुष्कळजण म्हणताना नेमकं तेच गाळतात.

उद्याची बढाई मारू नको, हा विचार जुन्या करारातल्या नीतिसूत्रे 27:1 मध्ये जुनाच आहे. शब्दांची घडण मात्र ग्रीक बोलण्यातली. प्लेटोच्या एका संवादात अल्किबियादीस 'सॉक्रेटिस, तुझी इच्छा असेल तर' म्हणतो, आणि सॉक्रेटिस त्याला 'देवाची इच्छा असेल तर' असं म्हणायला लावतो.

प्रेषित पौलाने ही अट कशी वापरली ते पाहण्यासारखं आहे. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 16) तो प्रवासाचा बेत कळवतो: पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत इफिसात, मग मासेदोनियातून करिंथला, जमल्यास हिवाळाही तिथेच. त्यातच 'प्रभूने होऊ दिलं तर' आहे. पुढे बेत बदलला आणि करिंथकरांनी त्याला चंचल ठरवलं. दुसऱ्या पत्राच्या (2 करिंथ) पहिल्या अध्यायात तो उत्तर देतो, पण 'प्रभूची इच्छा नव्हती' म्हणून हात झटकत नाही. तुम्हाला दुःख द्यायचं नव्हतं म्हणून आलो नाही, असं खरं कारण सांगतो.

मध्ययुगात ही अट देवाच्या नावाच्या रूपात व्यापाऱ्यांच्या वहीत शिरली, म्हणजे याकोबाने ज्यांना सुनावलं त्यांच्याच. इटलीतल्या प्रातोचा व्यापारी फ्रांचेस्को दातीनी (मृत्यू 1410) याच्या खातेवह्यांवर 'देवाच्या आणि नफ्याच्या नावाने' असं लिहिलेलं आढळतं. दोन्ही एका ओळीत! त्याची मालमत्ता गरिबांसाठीच्या संस्थेला गेली आणि तिच्याच वाड्यात त्याची सुमारे दीड लाख पत्रं टिकली. फ्लॉरेन्सच्या बार्दींसारख्या पेढ्या आणखी पुढे गेल्या. त्यांच्या हिशेबात देवाच्या नावाचं खातंच असे, आणि त्यावर निघणारा नफा गरिबांना जाई. इटालियन गणिती लूका पाचोलीने 1494 मध्ये दुहेरी नोंदीची पद्धत छापली. त्यात पहिल्या वह्यांवर क्रूसाची खूण आणि मालाच्या यादीच्या डोक्यावर देवाचं नाव घालायला सांगितलं आहे. आपल्याकडे वहीच्या माथ्यावर 'श्री' लिहितात, तसंच.

जहाजावर माल चढवल्याची इंग्रजी पावती, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, 'देवाच्या कृपेने चढवला' अशी सुरू होई आणि 'देव हे जहाज बंदरी सुखरूप पोचवो, आमेन' अशी संपे. मधल्या मजकुरात नग, खुणा, भाडं, समुद्राच्या धोक्याचा अपवाद. सहसा तीन प्रती निघत आणि एकीवर माल सोडवला की उरलेल्या दोन रद्द. देवावर भरवसा ठेवला म्हणून कुणी प्रती कमी केल्या नाहीत.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पत्रांत आणि सभांच्या जाहिरातींत लॅटिन 'देओ वोलेंते'ची 'डी. व्ही.' ही दोन अक्षरं उरली. कधी शेजारी 'डब्ल्यू. पी.', म्हणजे हवामान ठीक असेल तर. वाक्याचं शिक्क्यात रूपांतर झालं ते इथे.

मराठी मंडळ्यांतली बिघाडाची जागा ओळखीची आहे. मंडळीच्या सामुदायिक जेवणाचं आमंत्रण येतं: 'प्रीतिभोजनाला येता ना?' 'प्रभूची इच्छा असेल तर.' पानं मोजणाऱ्याला कळतं की हे पान धरायचं नाही. असं होतं, कारण अट राहते आणि बेत गळतो. 'शनिवारी सात वाजता येतो, प्रभूची इच्छा असेल तर. अडलं तर शुक्रवारी रात्री कळवतो' हे पौलाच्या रीतीला धरून आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं (5:37) 'होय तर होय, नाही तर नाही' त्याने मोडत नाही.

दुसरी चूक म्हणजे प्रभूची इच्छा फक्त न कळलेल्या उद्यात शोधणं. याच परिच्छेदाची शेवटची ओवी (4:17) सांगते की चांगलं काय ते कळत असून न करणं हे पाप आहे. त्यानंतर तीनच ओव्या सोडून, 5:4 मध्ये, शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. ती देण्यासाठी 'प्रभूची इच्छा असेल तर' म्हणायला याकोबाने जागा ठेवलेली नाही.